पोच

पहाटे साडेचारला रुवैसच्या प्लँटवर
माझं काम असतं यंत्रांना आठवण करून देणं.
छातीला लावायचे पिवळे डिटेक्टर,
एकशे बारा, फडताळात ओळीने निजलेले.
एकेकाच्या तोंडाला नळी लावायची,
बाटलीतला गॅस सोडायचा, पंचवीस पीपीएम,
मोजून, बाळगुटीसारखा.
तीस सेकंदांत त्याने ओरडायला हवं.
नाही ओरडला तर तो विसरलाय.
मग पुन्हा शिकवायचं: बाबा रे, हाच तो,
सडक्या अंड्याच्या वासाचा,
जो जास्त झाला की आधी वासच काढून घेतो
आणि माणसाला वाटतं, गेला वाटतं.

शाल्मली, माझी पुतणी, बेळगावला मेंदूवर शिकते.
परवा फोनवर म्हणाली, काका, तुमचा तो गॅस
आपल्या डोक्यातसुद्धा तयार होतो.
म्हटलं, माझ्या असेल, इतकी वर्षं इथे काढली.
हसली नाही. म्हणाली, सगळ्यांच्या.
कणभर. तो, आणि गाडीच्या धुरातला एक,
आणि वीज चमकली की हवेत होतो, तो तिसरा.
बाकीचे निरोप पेशीत पुड्या बांधून ठेवलेले असतात.
यांना पुडी नाही, साठा नाही, दार लागत नाही.
लागेल तेव्हा करायचे, भिंतीतून आरपार,
आयुष्य दोन-चार सेकंद.
आणि तो तिसरा तर, काका, उलटा जातो:
ज्याला निरोप मिळाला त्याच्याकडून
ज्याने धाडला त्याच्याकडे.
मिळालं. पुढच्या खेपेला जरा मोठ्याने सांग.
असं पुष्कळदा झालं की दोघांमधली वाट रुळते.
तिलाच म्हणे शिकणं म्हणतात.

मला कळलं ते एवढंच, की ही पोच आहे.
ड्राफ्टच्या जमान्यात सुलभाचं पत्र यायचं:
पैसे पोचले. आणि खाली, गच्ची गळते आहे.
म्हणजे पुढच्या खेपेला जास्त.
सतरा वर्षं अशीच रुळली आमची वाट;
तिच्यावरून काय काय गेलं
त्याचा हिशेब आता नको.

मुर्तुझा चौगुले हर्णैचा. खोली नंबर एकोणीस.
फेब्रुवारीत टाकीच्या शिडीशी दीड मिनिट पडून होता.
डिटेक्टर ओरडला होता. मीच तपासलेला, वहीत सही आहे.
(ती वही मी दोनदा उघडून पाहिली.
तिसऱ्यांदाही.)
जीव वाचला. सुरमई कशी खारवायची ते आठवतं,
बंदरावरच्या होड्यांचे नंबर आठवतात,
सकाळी काय बोललो ते नाही.
तिकीट व्हायचंय, तोवर मेसमध्ये माझ्या शेजारी.
रोज विचारतो, हा दर्या कुठला?
रोज सांगतो, आखात रे हे. पलीकडे इराण.
मग म्हणतो, याला वास नाही.
आहे. शेवाळाचा आहे, तापलेल्या लोखंडाचा आहे.
पण ते मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

मोठ्याने सांगून पाहिलं. हळू सांगून पाहिलं.
तळहातावर बोटाने नकाशा काढला,
हे आपण, हे पाणी, हा इराण.
इकडून जातं.
तिकडून काही येत नाही.

काल उकाडा असा, की समुद्रच वाफ होऊन अंगाला चिकटलेला.
ड्युटीनंतर जेटीशी बसलो दोघं.
त्याने विचारलंही नव्हतं, मीच सवयीने सुरू केलं,
आखात रे हे, पलीकडे
तर हात वर करून त्याने मला थांबवलं,
चक्क वैतागून:
"इराण. किती येळा सांगशील?"

मी काही बोललो नाही.
छातीवरचा डिटेक्टर उगाच उलटा धरून पाहिला.
शून्य दाखवत होता.
इतकं बारीक मोजत नाही तो.